अकराचा भोंगा

आमच्या घरात एक कायदा होता. शनिवारी अकराला कंपनीचा भोंगा झाला की हातातलं असेल ते टाकायचं आणि फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं. गॅस बंद करायचा, तेवढीच सवलत. भाकरी तव्यावर असो, पोरगी अभ्यासाला बसलेली असो, पाहुणे पोह्यांची बशी घेऊन बसलेले असोत, सगळे बाहेर. आमचे हे फाटकाशी उभे राहून बोटानं डोकी मोजायचे. तीनच डोकी असली तरी मोजायचे. एकदा माझी नणंद न्हाणीत होती म्हणून आली नाही, तर हे दाराशी जाऊन ओरडले, "ताई, खरोखरचा वायू सुटला असता तर आत्ता तुझं काय झालं असतं?" ती बिचारी त्यानंतर कधी शनिवारी आमच्याकडे उतरली नाही.

हे म्हणजे विलास शिगवण. लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सेफ्टीला होते, नोकरी लागल्यापासून रिटायर होईपर्यंत. कंपनीतलं मॉक ड्रिल हेच घ्यायचे. म्हणजे काही झालेलं नसताना मुद्दाम भोंगा वाजवायचा आणि माणसं कशी बाहेर पडतात ते बघायचं. कामगार वैतागायचे. "शिगवणसाहेब, ड्रिलच आहे ना? चहा संपवून येतो की." यावर ह्यांचं डोकं फिरायचं. "ड्रिल आहे की खरं आहे हे ठरवणारा तू कोण? आधी बाहेर ये, मग विचार कर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

अकराची वेळही ह्यांनीच ठरवलेली. तेव्हा चहा झालेला असतो, जेवणाची सुट्टी लांब असते, कामाचा खोळंबा होत नाही. "चाचणी नेहमी सोयीच्या वेळी घ्यावी," असं म्हणायचे. "संकट काही सोय बघून येत नाही."

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी सिलिंडर उचलताना ह्यांच्या छातीवर दाब आला. घाम असा सुटला की बनियन पिळून काढावं. चिपळूणला नवीन हार्ट हॉस्पिटल झालंय तिथं नेलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. डॉक्टर खातू म्हणून आहेत, शांत माणूस. म्हणाले, "स्टेंट बसवावा लागेल. साधा बसवू शकतो. किंवा आमच्याकडे एक नवीन चाचणी सुरू आहे, तिच्यात भाग घेऊ शकता. बळजबरी काही नाही."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. स्टेंट म्हणजे पेनातल्या स्प्रिंगसारखी जाळीदार नळी. मनगटातून बारीक तारेवरून ती हृदयापर्यंत नेतात, अडथळ्याच्या जागी फुगवतात, ती रक्तवाहिनीला आतून उघडी धरून ठेवते. इथपर्यंत जुनंच. नवीन स्टेंटला स्पर्श कळायचा. रक्त त्याच्यावरून घासून वाहतं, त्या घासण्याचा जोर तो सतत मोजायचा. आत गुठळी धरायला लागली की प्रवाह आधी जरासा अडखळतो. छातीत दुखायच्या कितीतरी तास आधी. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. स्टेंट ते दंडावरच्या पट्टीला कळवणार, पट्टी हॉस्पिटलला, आणि हॉस्पिटल तुम्हाला फोन करणार, लगेच या. पुढं दोन-तीन वर्षांत रक्तवाहिनी बरी झाली की तो स्टेंट आपोआप विरघळून जाणार.

"मग यात चाचणी ती काय?" मी विचारलं. "चांगलंच आहे की. बसवा."

डॉक्टर हसले. म्हणाले, "वहिनी, चांगलं आहे असं आम्हालाही वाटतं. वाटून उपयोग नाही, सिद्ध व्हावं लागतं. हॉस्पिटलातून फोन येतो म्हटल्यावर माणूस आपोआप पथ्य पाळतो, वेळच्या वेळी तपासणी करतो. मग तो वाचला तो स्टेंटमुळं की नुसत्या फोनमुळं?"

म्हणून स्टेंट सगळ्यांना एकच बसवणार, पण माणसांचे दोन गट करणार. एका गटाला स्टेंटनं इशारा दिला की फोन. दुसऱ्या गटाचे इशारे कुणी बघणारच नाही, ते कुलपात पडून राहणार. त्यांना कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुठल्याही दिवशी फोन लावणार. बाकी उपचार दोघांना सारखेच, आज सगळ्यांना मिळतात तेच. आपण कुठल्या गटात हे पेशंटला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. चाचणी संपल्यावर कुलूप उघडायचं.

"म्हणजे निम्म्या लोकांना तुम्ही उगाच घाबरवणार!" मी म्हटलं. "आणि खरं काही असलं तर गप्प बसणार! अहो, उठा. तुम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहात?"

पण ह्यांचे डोळे चमकले होते. मी ओळखून होते ती चमक. "उज्ज्वला," हे म्हणाले, "हे मॉक ड्रिल आहे गं! चाचणी घेतल्याशिवाय यंत्र लोकांच्या गळ्यात बांधायचं का? कुणीतरी आधी उभं राहायलाच हवं." आणि सही करून मोकळे.

चाचणीचं सगळं बघणारी मुलगी होती रुबिना मुकादम. इथलीच, दाभोळकडची. तिनं आम्हाला बजावून सांगितलं, "काका, काकू, फोन आला की तो खराच समजायचा. गाडी दारात येईल, बसायचं आणि यायचं. इथं तपासणीत काही निघालं नाही तरी फोन खोटा होता असं धरायचं नाही. खऱ्या इशाऱ्यातही कधी कधी काही सापडत नाही." ह्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांनी ऐकलं ते फक्त अर्धं.

पहिला फोन आला तो माझ्या पुतण्याच्या हळदीला. मांडवात बँजो लागलेला, हे बनियनवर, गालाला हळद. रुबिनाचा फोन. मागोमाग हॉस्पिटलची बिनड्रायव्हरची पांढरी गाडी थेट मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी, दार उघडून. बँजो बंद. माझी जाऊ रडायला लागली. हे मात्र पठ्ठ्यासारखे उठले, हळदीच्या अंगानंच गाडीत बसले, वर मला म्हणतात कसे, "गॅस बंद आहे ना?" तिथं पोचल्याबरोबर रक्त पातळ करायचं औषध दिलं, ते सगळ्यांनाच देत. मग फोटो काढले. काही निघालं नाही. रक्तवाहिनी स्वच्छ.

संध्याकाळी परत आलो तर सगळ्यांना ऊत आलेला. "काय शिगवण, झालं का ड्रिल? डोकी मोजली का?" दीर म्हणाले, "आमच्या हळदीचं वाटोळं करून नुसती गाडीतून सैर करून आलात होय?" हे हसले. पण मला माहितीये, त्यांना ते लागलं. जन्मभर ह्यांनी लोकांना ड्रिलला पळवलं होतं, आता लोक ह्यांना हसत होते.

तेव्हापासून ह्यांनी मनाशी पक्कं केलं की आपण खोट्या गटात. मी म्हणायचे, "अहो, रुबिना काय म्हणाली होती?" तर म्हणायचे, "मला नको शिकवू. मी ड्रिल घेणारा माणूस. वासावरून ओळखतो."

आता प्रणालीचं सांगायला हवं. प्रणाली आमची एकुलती एक. हैदराबादला नोकरीला होती, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं आणि नंतर घेऊन आली त्याला घरी, पेढ्यांच्या पुड्यासकट. जात वेगळी, भाषा वेगळी. ह्यांनी तिला फाटकातच अडवलं. "या फाटकातून आत यायचं नाही," म्हणाले. मी आतून धावत येईपर्यंत ती दोघं वळली होती. पुडा तिनं फाटकावर ठेवला होता. चार वर्षं पोरगी आली नाही. मी चोरून फोन करायचे. ह्यांना ते ठाऊक होतं, पण बोलायचे नाहीत. फोन ठेवला की उगाच विचारायचे, "हैदराबादला पाऊस आहे का?"

त्या हळदीनंतर काही महिन्यांनी ह्यांनी आपण होऊन तिला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. हे म्हणाले, "प्रणाली, बाबा बोलतोय. ये घरी. जावईबापूंना पण आण." पुढं काही बोलवेना, फोन माझ्या हातात दिला. तिकडं ती रडत होती, इकडं हे तोंड फिरवून खिडकीचे गज पुसत होते.

जावयाला रजा मिळाली नाही, तेव्हा ती एकटीच येणार असं ठरलं. तो दिवस उजाडला. दुपारची गाडी. मी सकाळपासून घावन, काळ्या वाटाण्याची आमटी, खोबऱ्याच्या वड्या असं तिच्या आवडीचं करत होते. ह्यांनी फाटकाला तेल घातलं. दोनदा घातलं. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आणि अकरा वाजता ह्यांचा फोन वाजला.

रुबिनाच होती. स्पीकरवर होती म्हणून मला सगळं ऐकू आलं. "काका, आपल्याला तपासणीसाठी यायचं आहे. कृपया लगेच निघा. गाडी पाठवली आहे."

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि खुदकन हसले. "अकरा. बरोबर अकरा! बघितलंस? आणि आवाज कसा, कृपया म्हणते. खरं असतं तर पोरगी ओरडली असती. ड्रिल आहे."

"काहीही असो," मी म्हटलं, "चला तुम्ही. मी चप्पल घालते."

"आज नाही."

"नाही म्हणजे? प्रणालीला स्टेशनवरून तिकडंच बोलावू. स्टेशन काय लांब आहे हॉस्पिटलपासून?"

तेव्हा हे चिडले नाहीत. तेच मला अजून सलतं. चिडले असते तर मीही भांडले असते, हात धरून ओढलं असतं. हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चार वर्षांनी पोरगी येतेय. तिला मी खाटेवर दिसू का? मी तिला फाटकातून घालवलंय उज्ज्वला. फाटक मीच उघडणार. ती आली, एक कप चहा झाला, की संध्याकाळी जाऊ. शब्द देतो."

गाडी आली. फाटकाबाहेर दार उघडून उभी राहिली. आतून तिचा तो गोड आवाज, "विलास शिगवण, आपण येत आहात का?" मी पुन्हा म्हटलं, "अहो, तुम्हीच म्हणायचात ना, आधी बाहेर ये, मग विचार कर?" हे क्षणभर थांबले. खरंच थांबले. मग गाडीजवळ जाऊन म्हणाले, "नाही. आज नाही." गाडी तीनतीनदा विचारत राहिली. हे तीनतीनदा नाही म्हणाले. मग दार लागलं आणि ती निघून गेली. मी रुबिनाला फोन केला, तिनं डॉक्टरांना दिला, डॉक्टरांनी ह्यांची परोपरीनं समजूत काढली. हे आपले, "येतो, येतो, संध्याकाळी येतो."

गाडी उशिरा आली. कोकण रेल्वे ती, तिला कुठली घाई. हे भर उन्हात फाटकाशी उभे. मी सावलीत खुर्ची टाकली तर बसले नाहीत. रिक्षा थांबली, प्रणाली उतरली, बारीक झाली होती. फाटकाशी येऊन तशीच उभी राहिली, आत पाऊल टाकेना. ह्यांनी फाटक दोन्ही हातांनी सताड उघडलं आणि म्हणाले, "ये. किती उशीर." बस, एवढंच. तिच्या हातातली बॅग घेतली. मी म्हटलं, जड उचलू नका. ऐकतील तर शपथ!

जेवण झालं. ह्यांनी तिला स्वतः वाढलं, घावन घे, अजून एक घे. जावयाचा फोटो बघितला, म्हणाले, "कपाळ मोठं आहे, हुशार दिसतो." चहा झाला. मी म्हटलं, "आता चला." हे म्हणाले, "हो, शर्ट बदलतो," आणि उठता उठता परत खाली बसले. माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मी कधी बघितलं नव्हतं, लहान मूल काहीतरी सांडल्यावर बघतं तसं. हॉस्पिटलची गाडी आली, या वेळी सोबत माणसंही होती, छातीवर दाबत होती, विजेचे झटके देत होती. अंगणातच संपलं सगळं.

दहाव्याला प्रणालीला फोनचं कळलं. माझ्या दिरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. "तुझ्यासाठी थांबला गं तो," असं चारचौघांत म्हणाले. म्हणायचं म्हणून म्हणाले, मनात काही नव्हतं त्यांच्या. पण पोरगी पांढरीफटक पडली. त्यानंतर ती दर महिन्याला यायची, माझी औषधं बघायची, घर आवरायची, आणि जेवायला बसली की दोन घासांत उठायची. घावन तर तिनं पुन्हा तोंडात घातलं नाही. मला एकदाच विचारलं, "आई, मी सकाळच्या गाडीनं आले असते तर?" आणि एकदा, "फोन खोटा असेल ना गं? त्यांच्या त्या दुसऱ्या गटातला?" मी म्हटलं, चाचणी संपली की कळेल. तिचा नवरा मला फोनवर मोडक्या मराठीत सांगायचा, "अत्तय्या," त्याच्या भाषेत सासूबाई, "ही झोपत नाही."

फोन चिठ्ठीतला असेल, तर ह्यांचं जाणं हा नुसता योग. हॉस्पिटलात गेले असते तरी उपयोग झालाच असता असं नाही, न गेल्याचा दोष कुणावरच नाही. आणि खरा असेल तर बाप लेकीसाठी फाटकात उभा राहून गेला. सगळं त्या एका उत्तरावर लटकलेलं. दीड वर्ष लटकलेलं.

परवाच्या शनिवारी सकाळी रुबिना आली. चाचणी संपली होती, कुलूप उघडलं होतं. प्रणाली आदल्या दिवशीच आली होती, बाजारात गेली होती. रुबिना चपला काढून आत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला ऐकायचं नसेल तर नाही म्हणा. तो हक्क आहे तुमचा."

मी म्हटलं, "बोल."

"काका खऱ्या गटात होते."

ती सांगत राहिली, खाली बघून. दोन्ही फोन खरे होते. हळदीच्या दिवशीचासुद्धा. तेव्हा बारीक गुठळी धरत होती, पोचल्यावर दिलेल्या औषधानं ती विरघळली, म्हणून फोटोत काही दिसलं नाही. म्हणजे आम्ही ज्याला गाडीतली सैर म्हणून हसलो, त्या सैरीनं ह्यांना वाचवलं होतं. पुढचे सगळे महिने, प्रणालीला केलेला तो फोन, ते फाटकाला तेल, सगळं त्या सैरीतून मिळालेलं. आणि दुसऱ्या वेळी स्टेंटनं सकाळीच ओळखलं होतं. संध्याकाळपर्यंत भरपूर वेळ होता.

"आणि तुझा आवाज?" मी विचारलं. "हे म्हणाले, खरं असतं तर तू ओरडली असतीस."

रुबिनाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. "मला तरी कुठं माहीत होतं काकू? माझ्या स्क्रीनवर फक्त नाव यायचं. शब्द ठरवून दिलेले, दोन्ही गटांना तेच. आवाजावरून कळू नये म्हणून." मग म्हणाली, "हा स्टेंट आता सगळ्यांना मिळणार आहे. खोट्या फोनाशिवाय. काकांच्यासारखे लोक होते म्हणून." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा काय दोष? ह्यांचा दोष, माझ्या हट्टी माणसाचा. आणि त्याच्यावर रागवायला तो समोर नाही.

रुबिनाला सोडायला मी फाटकापर्यंत आले आणि नेमकी प्रणाली पिशवी घेऊन समोरून आली. रुबिना तिला नुसतं हसली आणि स्कूटरला चावी लावली. प्रणाली तिच्या पाठीकडे बघत राहिली. काही विचारणार, तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला.

ती जागची हलली नाही. हलायला कशाला हवं, आम्ही दोघी फाटकाबाहेरच होतो. लहानपणी उभी राहायची तशीच ती हात बाजूला सोडून उभी राहिली. भोंगा चढला. त्या आवाजात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कुलूप उघडलं ना? बाबांचा फोन खरा होता का गं?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालेलं. ह्यांनी दोन्ही हातांनी फाटक उघडलं होतं ते मला आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "ड्रिल होतं. त्यांनी बरोबर ओळखलं होतं."

"खरंच?"

"मग! जन्मभर दुसरं केलं काय त्यांनी? त्यांना नाही कळणार?"

तिनं फाटकाच्या गजावर कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडली. गेल्या दीड वर्षात अशी रडली नव्हती. मी रडले नाही. मला रडून चालणार नव्हतं, तिनं माझं तोंड वाचलं असतं. मी पिशवीतली कोथिंबीर उगाच नीट करत राहिले.

भोंगा थांबला. ती आत वळली नाही. डोकी मोजून झाल्याशिवाय आत जायचं नाही, हा कायदा. तिनं ओढणीनं डोळे पुसले, बोट माझ्याकडे केलं, मग स्वतःकडे.

"दोन," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, भूक लागलीये. घावन करशील?"

मी हो म्हटलं आणि फाटक लावून घेतलं.